धोपटमावशी

धोपटमावशींची आणि माझी खरी ओळख झाली ती त्यांच्या हातची थप्पड खाऊन. मिशिगनमधल्या नोव्हायला येऊन मला तीनच आठवडे झाले होते. त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायचो, पण बोलणं जाता-येता दोन शब्दांपुरतंच. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी घराची हीटिंग बंद पडली. मी नागपूरचा, थंडी पडली की शेगडी पेटवायची एवढंच मला ठाऊक. मागच्या डेकवरची कोळशाची ग्रिल उचलून खाली आणली, पेटवली आणि दार लावून तिच्याशेजारी रजई घेऊन बसलो. पुढचं आठवतं ते इतकंच, की कुणीतरी कॉलर धरून मला जिन्यावरून फरफटत वर नेतंय, प्रत्येक पायरी माझ्या बरगड्यांना लागतेय. मग पाठीखाली गार बर्फ. आणि मग कानाखाली असा आवाज निघाला, की मी शुद्धीवरच आलो.

"मढं व्हायचंय का माझ्या घरात? कोंडलेल्या कोळशानं माणूस झोपेतच खपतंय, ठाऊक न्हाई? इंजिनियर म्हणं!"

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर संपलं होतं. संध्याकाळी मावशी डब्यातून तांबडा रस्सा घेऊन आल्या. माझ्या गालावर त्यांची चार बोटं उठली होती. त्यांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "जरा जोरात बसली. खा."

त्यांचं नाव शालिनी. धोपटमावशी हे नाव मराठी मंडळातल्या कुणीतरी पाठीमागे ठेवलं होतं, कारण त्यांच्या दर दुसऱ्या वाक्यात 'धोपटीन' यायचं. बर्फ उडवायचं मशीन सुरू झालं नाही की "धोपटीन तुला." फोनवर इन्शुरन्सवाल्याने ताटकळत ठेवलं की त्या वाजणाऱ्या संगीताला "धोपटीन तुला." नुसतं म्हणायच्या नाहीत, धोपटायच्या. त्यांचा मायक्रोवेव्ह एका बाजूने चेपलेला होता. मंडळाच्या गणपतीत एकाने स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायकांबद्दल काहीतरी घाणेरडा विनोद केला, तर मावशींनी त्याला वरणाच्या पळीने कोपरापासून खांद्यापर्यंत मोजून काढला. सगळे हसले. मीही हसलो. मावशींचं मारणं हा आमच्याकडे हसण्याचा विषय होता.

मिरजेत त्यांच्या वडिलांचं मटणाचं दुकान होतं. सातव्या-आठव्या वर्षापासून त्या मटण तोडायच्या ओंडक्यापाशी उभ्या राहत. वडिलांचा हात सुटायचा. चुकीचा तुकडा पडला की सत्तुराची मूठ डोक्यात बसायची. केसांत तीन व्रण होते, ते त्या एखाद्या दागिन्यासारखे चाचपून दाखवायच्या. लग्न होऊन मिशिगनला आल्या, नवरा गाड्यांच्या कारखान्यात टूलरूममध्ये होता, अतिशय गरीब स्वभावाचा माणूस. तो हार्टॲटॅकने गेला तेव्हा केतकी दहा वर्षांची होती. मावशी सरळ एका मोठ्या ग्रोसरी स्टोअरच्या मीट काउंटरवर जाऊन उभ्या राहिल्या. मॅनेजरने हसून विचारलं, हे जड काम आहे, जमेल का? त्यांनी त्याच्याच हातातली सुरी घेतली आणि समोर पडलेला बीफचा आख्खा मागचा पाय त्याचं हसू मावळायच्या आत सांध्यासांध्याने मोकळा करून ठेवला. पुढची पंचवीस वर्षं त्या तिथे होत्या. दिवसभर बीफ कापायच्या, पण कधी तोंडात घातलं नाही. मंडळात एकीने खोचकपणे विचारलं, तर म्हणाल्या, "पोटासाठी कापते, पोटात घालत न्हाई. तुम्ही तुमच्या पोटाचं बघा."

एकदा आम्ही लॅन्सिंगहून परत येत होतो. मी ड्राइव्ह करत होतो. झाडीतून हरीण आडवं आलं आणि गाडीवर आदळलं. काच तडकली, एअरबॅग फुटली. हरीण रस्त्याच्या कडेला पडलं होतं. मागचे दोन्ही पाय तुटलेले, पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होतं आणि पुन्हा पुन्हा तोंडावर पडत होतं. मी पोलिसांना फोन लावत होतो. मावशींनी डिकीतून कामावरच्या सुऱ्यांची गुंडाळी काढली, हरणाच्या मानेवर गुडघा ठेवला, डाव्या हाताने त्याचे डोळे झाकले आणि एकदाच सुरी ओढली. रक्त त्यांच्या कोटावर, माझ्या बुटांवर उडालं. हरीण शांत झाल्यावरही त्या बराच वेळ त्याच्या कानांमागे खाजवत होत्या.

"मारायचं तर एका घावात," गाडीत बसताना म्हणाल्या. "तडफडत ठेवतो तो खाटीक नव्हे, तो हलकट."

केतकी, त्यांची एकुलती एक मुलगी, टेक्ससमध्ये प्लेनोला राहायची. नवरा समीर पुण्याचा, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला अतिशय गोड. पाच बेडरूमचं घर. मावशी त्याला 'जावईबापू' म्हणायच्या आणि त्याच्यासमोर 'धोपटीन' हा शब्द गिळायच्या. केतकी मात्र दोन वर्षांत नोव्हायला आली नव्हती. दर वेळी तिकीट काढायची, दर वेळी कॅन्सल करायची. मावशी म्हणायच्या, "बिझी असतंय लेकरू." नातीच्या, ईराच्या, सातव्या वाढदिवसाला समीरने सगळ्यांचं फ्लोरिडातल्या एका थीम पार्कचं बुकिंग केलं. मावशींना एकटीने विमान बदलायची भीती वाटायची, त्या मला म्हणाल्या, "नागपुऱ्या, तू चल. त्या एअरपोर्टवर मला कोण ओढणार?" मी तेव्हा एकटाच होतो. गेलो.

उतरलो होतो ते पार्कच्याच रिसॉर्ट हॉटेलात. तळमजल्यावर त्यांचं स्टेकहाउस होतं. सगळा काउबॉयचा थाट: घोडागाडीच्या चाकांचे दिवे, भिंतीवर लगाम आणि खोगिरं, वेटरच्या डोक्याला हॅट. समोर उघड्या भटारखान्यात लाकडाच्या जाळावर मांस भाजलं जात होतं आणि चरबी गळली की ज्वाळा हातभर उंच उठत. आम्ही साडेपाचला बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं, बाजूच्या टेबलांवर उन्हाने लाल झालेली कुटुंबं, डोक्यावर कानांचे हेअरबँड लावलेली मुलं. ईराच्या फ्रॉकला 'बर्थडे गर्ल'चा बिल्ला लावला होता.

वेटरने कच्च्या मांसाचे तुकडे मांडलेला लाकडी पाट आणून दाखवला आणि एकेकाचं नाव घ्यायला लागला. मावशींनी एक तुकडा अंगठ्याने दाबला.

"धिस वन फ्रोजन. यू से फ्रेश. व्हाय?"

वेटर गडबडला. समीर हळूच म्हणाला, "आई, प्लीज. इथे असं नाही करायचं." मग त्याने सगळ्यांची ऑर्डर स्वतःच दिली. स्वतःला रिबाय स्टेक, मावशींना लँब चॉप्स, मला चिकन, ईराला पास्ता. वेटर केतकीकडे वळला तेव्हा तिने तोंड उघडलं होतं. "शी विल हॅव द पोर्क चॉप," समीर म्हणाला. तिने तोंड मिटलं.

जेवण आलं. समीरचं रिबाय बिडाच्या तव्यावर चुरचुरत होतं, वर वितळणारं लोणी. वेटर म्हणाला, तवा खूप गरम आहे, हात लावू नका. आम्ही खायला लागलो. ईरा तिने पाहिलेल्या परेडबद्दल सांगत होती. मी तिचं ऐकत होतो. मावशी ऐकत नव्हत्या. त्या केतकीच्या हातांकडे बघत होत्या. जन्मभर सुरी धरलेली बाई ती. केतकीने सुरी डाव्या हातात धरली होती, आणि ती मांस कापत नव्हती, नुसती घासत होती.

"केतू, तू डावखुरी कवा झालीस?"

"असंच, आई."

"असंच कसं? उजवा हात दाखव."

ईराच उत्तर देऊन मोकळी झाली. "मम्मीज हँड ब्रोक. डॅडी क्लोज्ड द कार डोअर." आणि मग शाळेत पाठ केलेलं म्हणावं तशा सुरात, "इट वॉज अन ॲक्सिडंट. वी डोन्ट टॉक अबाउट इट."

समीर हसला. त्याचा एक हात टेबलाखाली गेला. माझी खुर्ची त्यांच्या समोर होती, मला काही दिसलं नाही. पण केतकीच्या हातातली सुरी ताटात पडली आणि तिच्या घशातून एक बारीक आवाज आला. दार करकरावं तसा. तिचा चेहरा तसाच होता. ओठांवरचं हसूसुद्धा तसंच. मावशी तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना दिसलं.

"तिचा हात सोडा, जावईबापू."

"आई, हे आमच्या दोघांतलं आहे. तुम्ही मध्ये पडू नका." आवाज तोच, गोड. केतकीच्या घशातून पुन्हा तो आवाज आला.

मावशी उठल्या. तवा लाकडी पाटावर ठेवलेला होता, पण पाट त्यांनी धरलाच नाही. उघड्या उजव्या हाताने त्यांनी तो बिडाचा तवा धरला आणि समीरच्या तोंडावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. सुकी फांदी मोडते तसा नसतो तो, ओला असतो. रिबाय पलीकडच्या टेबलावर जाऊन पडलं, तापलेलं लोणी त्याच्या गळ्यावर ओघळलं आणि तो किंचाळला. मावशींनी दुसरा घाव घातला तो टेबलाखालून वर आलेल्या हातावर. मी धावून त्यांना कमरेला धरलं. तिसरा घाव माझ्या खांद्यावर बसला आणि माझा डावा हात लोंबला. समीर खुर्चीसकट मागे पडला होता. तोंडातून रक्ताची लाळ गळत होती, पांढऱ्या टेबलक्लॉथवर त्याचा एक दात पडला होता. कुठेतरी मुलं रडत होती, एक बाई "ओ माय गॉड" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तापलेल्या तव्याला मावशींच्या तळव्याची कातडी चिकटली होती. तरी त्यांनी तो चौथ्यांदा उचलला.

"आई, बास! बास कर! मी परत नाही करणार!"

ती केतकी होती. दोन्ही हातांनी डोकं झाकून, गुडघे पोटाशी घेऊन ती भिंतीला चिकटून बसली होती. समीरकडे तिचं लक्षच नव्हतं. ती आईच्या हाताकडे बघत होती.

मावशी थांबल्या. त्यांनी तवा खाली ठेवला, अगदी सावकाश, बाळाला ठेवावं तसा. मग त्या मटकन खाली बसल्या आणि पोलीस येईपर्यंत हलल्या नाहीत.

पोलिसाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आय हिट. टू टाइम्स हिम." मग माझ्याकडे बोट दाखवून, "वन मिस्टेक." उजव्या हाताला भलंमोठं बँडेज होतं. तशाच अवस्थेत त्यांना बेड्या घालून लॉबीतून बाहेर नेलं. ईरा माझ्या मांडीवर बसून ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी कोर्टाने दिलेल्या वकीलबाईंनी मला सरळ सांगितलं. आरोप गंभीर आहे. जबडा दोन ठिकाणी मोडलाय. मावशी सिटिझन नाहीत. शिक्षा झाली तर ग्रीन कार्ड जाईल आणि साठी उलटल्यावर त्यांना परत पाठवतील. कॅमेऱ्यात टेबलाच्या वरचं सगळं दिसतं. टेबलाखाली काय चाललं होतं, ते एकच बाई सांगू शकते.

ती बाई समीरबरोबर हॉस्पिटलमध्ये गेली होती. सकाळी दहाच्या सुमारास ती ईराला न्यायला हॉटेलात आली. आम्ही स्विमिंग पूलजवळच्या खुर्च्यांवर बसलो. माझा हात झोळीत, तिचा मनगटापाशी सुजलेला.

"समीरला बोलता येत नाहीये," ती म्हणाली. "जबडा वायरने बांधलाय. फोनवर टाइप करून दाखवलं त्याने. तुझी आई मेंटल आहे, असं पोलिसांना सांग."

"मग?"

तिने पाण्यात खेळणाऱ्या ईराकडे पाहिलं. "मिलिंद, तुम्ही सगळे आईच्या माराच्या गोष्टी सांगून हसता ना? मी नाही हसले कधी. ती मला लाटण्याने मारायची. पट्ट्याने मारायची. एकदा मी सांडलं म्हणून गरम झारा लावला. आणि मग जवळ घेऊन तूप-साखरेची पोळी भरवायची. समीर मारल्यावर फुलं आणतो. मला या दोन्हीत फरकच कळला नाही रे. मला वाटलं, आपलं माणूस असंच असतं."

मीही त्या हसणाऱ्यांतलाच होतो.

ती उठली. ईराला टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्याजवळ दिलं. "हिला बघ. मी जाऊन येते." मला वाटलं, हॉस्पिटलला. ती गेली शेरीफच्या ऑफिसात. तीन तास बोलली. गाडीचं दार, त्याआधीची बरगडी, त्याआधीचं सगळं. एक्स-रे कुठे आहेत, कुठल्या डॉक्टरला काय खोटं सांगितलं, तेही. ती मोकळी झाली आणि मावशीही जामिनावर सुटल्या. बाहेर आल्यावर पार्किंग लॉटमध्ये, भर उन्हात, जे मला सांगितलं तेच तिने आईला सांगितलं. मी ईराला घेऊन लांब उभा होतो. शब्द ऐकू आले नाहीत. मावशी हळूहळू वाकत गेल्या आणि गाडीच्या बॉनेटला धरून उभ्या राहिल्या, एवढं दिसलं.

केस वर्षभर चालली. आरोप कमी झाला, प्रोबेशन मिळालं, ग्रीन कार्ड वाचलं. समीरवर प्लेनोत वेगळा खटला झाला, घटस्फोट झाला, केतकी आणि ईरा नोव्हायला राहायला आल्या. मावशींना कोर्टाने रागावर ताबा ठेवायच्या क्लासला घातलं. त्यांना सोडायला मीच जायचो. शिकवणारा पोरगेलेसा होता. तो म्हणाला, राग आला की दहापर्यंत मोजा. मावशी म्हणाल्या, "दहा मोजेपर्यंत ते पळून जातंय." पण एकही क्लास चुकवला नाही. वहीत मराठीत लिहून घ्यायच्या. स्टोअरने त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि बेकरीत पाठवलं. आखडलेल्या तळव्यात क्रीमचा कोन धरून त्या केकवर मुलांची नावं लिहायला लागल्या. सुरुवातीला अक्षरं इतकी दाबून लिहायच्या, की केकला खड्डे पडत.

एका फेब्रुवारीत ईराने हट्टाने त्यांच्या देव्हाऱ्यातला नवऱ्याचा फोटो ओढला, तो फुटला. शिवाय आजीकडे बघून "आय हेट यू" म्हणाली. मी स्वयंपाकघरात होतो, केतकी जिन्यात. मावशींचा हात खांद्यापर्यंत वर गेला. ईराने डोळे मिटले. केतकी जागची हलली नाही, बघत राहिली. मावशी वळल्या, तशाच सपातांवर बाहेर गेल्या, गॅरेजमधलं फावडं घेतलं आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ फोडायला लागल्या. अर्धा तास फोडत होत्या. फावड्याचा दांडा मोडला. आत आल्या तेव्हा ओठ निळे पडले होते. काचा गोळा करणाऱ्या ईराला म्हणाल्या, "बाजूला हो, बाळ. लागंल."

तीन वर्षांनी त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. शेवटच्या महिन्यात माझी बायको आणि मी आलटून पालटून हॉस्पिटलमध्ये जायचो. ते मोठं शरीर पलंगावर इतकंसं झालं होतं. एका दुपारी केतकी त्यांचे पाय चेपत बसली होती, मी खिडकीपाशी होतो. मावशींनी डोळे उघडले.

"केतू, एक बोलायचंय. तुला मारलं ते चुकलं माझं. लई चुकलं. त्याला मारलं ते न्हाई चुकलं."

मी बाहेर जायला निघालो, तर केतकीने मानेनेच थांब म्हटलं.

"आई," ती म्हणाली, "दोन्ही चुकलं. ईरा समोर बसली होती. तिला अजून भांड्यांच्या आवाजाची भीती वाटते." पाय चेपणारे तिचे हात थांबले नव्हते. "पण तू उठली नसतीस, तर मी आज जिवंत नसते. हेही खरं आहे."

मावशींचं तोंड उघडलं. आता काहीतरी तडकावणार, असं मला वाटलं; एवढ्या वर्षांत कुणाचं बोलणं त्यांनी उलट उत्तर दिल्याशिवाय सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या लेकीकडे बघत राहिल्या. मग मान उशीवर टेकवली.

"बरं," त्या म्हणाल्या.